बी डिव्हिजनचं हसू

नऊ इंची विटांच्या भिंतीतून किती आवाज पलीकडे जातो याचं गणित सिव्हिल विभागाकडे असेल. माझ्याकडे अनुभव आहे. बोलणं जात नाही. बाक ओढल्याचा आवाज थोडा जातो. हसणं मात्र अख्खं जातं, अगदी कोण आधी हसलं आणि कुणाला उशिरा कळलं इथपर्यंत.

खोली नंबर २०४ मध्ये मी सेकंड इयर मेकॅनिकलच्या ए डिव्हिजनला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो. २०५ मध्ये मेघा रोकडे बी डिव्हिजनला तोच विषय, त्याच वेळेला, त्याच पुस्तकातून शिकवते. माझ्याकडे अठ्ठावन्न मुलं, तिच्याकडे एकसष्ट. माझ्या अठ्ठावन्नपैकी वीसेक जण माझ्याकडे बघतात, पंधरा जण घड्याळाकडे, आणि उरलेले कुठे बघतात ते बघायचं मी केव्हाच सोडून दिलंय. तिकडे भिंतीपलीकडे दर दहा मिनिटांनी हशा, मग गलका, मग एकदम शांतता, आणि मग टाळ्या. पाण्याच्या दाबाच्या धड्याला टाळ्या. मी तो धडा सहा वर्षं शिकवतोय, त्यात टाळी वाजवण्यासारखं काही नाही.

त्यात ही मेघा माझीच विद्यार्थिनी. मी नोकरीला लागलो त्या वर्षी ती सेकंड इयरला होती, शेवटच्या बाकावर. मला तिचा भांग आठवत होता, चेहरा आठवत नव्हता, कारण ती सतत मान खाली घालून काहीतरी लिहीत असायची. पुढे एम.टेक. करून ती इथेच नोकरीला आली आणि पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला वाकून म्हणाली, "सर, तुमच्यामुळे मी इथे आहे." मला बरं वाटलं. बी डिव्हिजन हसायला लागेपर्यंत बरं वाटत होतं.

आमचं कॉलेज कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या हद्दीवर आहे. म्हणजे अगदीच हद्दीवर. वर्ग कर्जतात, कॅन्टीन खालापुरात. त्यामुळे वडापाव खायला गेलेला मुलगा "सर, तो तालुक्याबाहेर आहे" असं मित्र हजेरीला सांगतात, आणि ते खोटं नसतं. मी स्वतः कर्जतकडच्या गावातला. बी डिव्हिजनमधला गजानन ऊर्फ गजा आमच्या शेजारच्या शकूकाकीचा मुलगा. म्हणजे कॉलेजातलं अपमानाचं सामान रोज संध्याकाळी घरपोच.

"गजा म्हनं, रोकडे बाईच्या तासाला डबा खायची बी आटवन ऱ्हात नाय," आई एकदा अळूच्या शिरा काढता काढता म्हणाली. "तुज्या तासाला काय करत्यात रं पोरं?"

"ऐकतात."

"डोळं मिटून?"

गजा आमच्याच ओट्यावर बसला होता. "काकी, सरांचा तास बी बेस असतो हां. ए डिव्हिजनची पोरं सांगत्यात, लय आराम पडतो."

"मॅडम नक्की करतात काय रं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज वाटावं म्हणून अळूचं एक पान हातात घेतलं, त्याने खाज सुटली.

"ते सांगायचं नाय सर. सांगितलं की मजा जाते."

इथपर्यंत मत्सर साधा होता. चहासारखा, सकाळ-संध्याकाळ. त्याला कामाला लावलं ते आमच्या एचओडी टिळेकर सरांनी. ते 'अध्यापन पद्धती व विद्यार्थी सहभाग' या विषयावरच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि परत आले ते एक फॉर्म घेऊन. फॉर्मवर दोनच रकाने होते: 'माना वर' आणि 'माना खाली'.

"जानेवारीत मूल्यांकन समिती येतेय," त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "मूल्यांकन कक्षाला आणखी एक पूर्णवेळ माणूस पाहिजे. म्हणून दिवाळीनंतर ए आणि बी एकत्र, सेमिनार हॉलमध्ये. शिकवणार एकच जण. दुसरा फायलींवर. मी तुमच्या दोघांच्याही तासाला बसेन, माना मोजेन, निर्णय देईन. यात व्यक्तिगत काही नाही, मानाच आहेत."

मूल्यांकन कक्ष वर्कशॉपच्या मागे आहे. चौदा कपाटं, एक खिडकी. तिथे बसणाऱ्या माणसाने फोटोंखाली ओळी लिहायच्या असतात: 'विद्यार्थी तल्लीन होऊन ऐकताना', 'विद्यार्थी वृक्षारोपण करून तल्लीन होताना'. चार वर्षांपूर्वी शेळके सर तिथे दोन महिन्यांसाठी गेले होते. अजून आले नाहीत. परवा ते मला पार्किंगमध्ये दिसले. चार मुलं गाडीवर बसून गप्पा मारत होती, तर शेळके सरांनी त्यांचा फोटो काढला आणि पुटपुटले, "गटचर्चा."

मला वर्ग सोडायचा नव्हता. मला शिकवायला आवडतं. याचा शिकवता येण्याशी काही संबंध नाही. गाणाऱ्यांमध्येही असतात असे. पण फळ्यापुढे उभं राहून हातात खडू घेतला की मला वाटतं, आता काहीतरी होणार. सहा वर्षं वाटतंय. कपाटांच्या खोलीत असं काही वाटायची सोय नाही.

म्हणून मी हेरगिरी केली. मला तास नव्हता तेव्हा २०५ च्या बाहेर, आग विझवायचं लाल नळकांडं लटकवलंय तिथे, त्याच्यावरच्या सूचना वाचत उभा राहिलो. पन्नास मिनिटं वाचल्या. आता कॉलेजला कुठेही आग लागली तर मला बोलवा.

आत मेघा कालव्यातल्या पाण्याचं उदाहरण सोडवत होती. फळ्यावर लिहिलं: कालव्याची रुंदी दुप्पट झाली, म्हणून पाण्याचा वेग दुप्पट. आणि निर्विकार चेहऱ्याने पुढे गेली. एकसष्ट मुलं फळ्याकडे अशी बघत होती, जशी मांजरं मासेवालीच्या पाटीकडे बघतात.

"मॅडम, थांबा!" गजा उभा राहिला. "पाट रुंद झाला की पानी हळू व्हतं. जोरात कसं जाईल?"

"कशावरून?"

"आमच्या शेताला पाट येतो ना. मोरीपाशी अरुंद हाय तिथं पळतो, पुढं रुंद झाला की लोळतो. पान टाकून बघितलंय मी."

"मग दुप्पट नाही तर किती?"

"निम्मा!" चार-पाच जण ओरडले. हशा. मेघाने खडू गजाच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसली. पुढचं उदाहरण गजाने सोडवलं. गजाने! ज्याला मी त्याच्या लहानपणी सायकलची चेन बसवायला शिकवताना हार मानली होती.

एवढंच होतं. रोज एक चूक, मुद्दाम केलेली. पकडेल त्याला खडू. मला इतका राग आला की मी नळकांड्यावरची मराठी सूचना संपवून हिंदी वाचली. एवढी साधी गोष्ट मला सहा वर्षांत का सुचली नव्हती?

दुसऱ्याच दिवशी मी ए डिव्हिजनला चूक घातली. बर्नुलीच्या समीकरणात अधिकच्या जागी वजा. लिहिलं, मागे वळलो, हाताची घडी घालून थांबलो. अठ्ठावन्न पेनं चालली आणि थांबली. वजा सगळ्यांनी व्यवस्थित काढला होता, दोघांनी पट्टीने.

मला वाटलं, चूक बारीक पडली. तिसऱ्या दिवशी पाण्याची घनता शंभरपट वाढवली. अशा पाण्यावर माथेरानचा घोडा चालत गेला असता, गिऱ्हाइकासकट. उतरवून घेतली. मग मात्र मी पेटलो. फळ्यावर डोंगर काढला, घाट काढला, आणि सांगितलं, "उल्हास नदी कर्जतला उगम पावते आणि घाट चढून वर लोणावळ्याला जाते."

ही मुलं कर्जतची. त्यातली निम्मी त्या नदीत पोहायला शिकलेली. मग कशेळ्याहून येणाऱ्या रियाने हात वर केला.

मी खडू पुढे केला. "बोल रिया, बोल! काय वाटतंय?"

"सर, वर चढायचा बाण कुठल्या रंगाने दाखवायचा?"

"रिया, तू नदी बघितलीयेस ना?"

"हो सर. रोज जीपमधून दिसते."

"कुठे जाताना दिसते?"

तिने विचार केला. "सर, हे परीक्षेला येणार आहे का?"

परीक्षेला मी मुद्दाम आणलं. युनिट टेस्टच्या चोपन्न पेपरांत उल्हास नदी घाट चढली. चौघे गैरहजर होते. एकाने स्वतःची भर घातली होती: 'उतार वरच्या दिशेने असल्यामुळे पंपाची गरज भासत नाही.' मी सगळ्यांना गुण दिले. उत्तर माझंच होतं, कापू कुणाचे? दुसऱ्या दिवशी मी नदी परत खाली आणली. तेही त्यांनी लिहून घेतलं, आदल्या पानाच्या शेजारच्याच पानावर, आणि दोन्ही पानं सुखाने एकमेकांना चिकटून राहिली.

त्यांची चूक नव्हती. माझ्या वर्गात वर बघायची गरज नसते, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. शिकवलेलं तेवढंच त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

गुरुवारी टिळेकर सर माझ्या तासाला बसले. माना मोजल्या. जाताना फॉर्म दाखवला: 'माना वर: १९.' खाली कंसात लिहिलं होतं, 'पैकी ३ पंख्याकडे.'

शुक्रवारी २०५. मलाही बोलावलं होतं, बहुतेक माझी समजूत पटावी म्हणून. मेघाने त्या दिवशी चूक अशी पेरली होती की खुद्द टिळेकर सर अर्ध्यात उठून म्हणाले, "अहो मॅडम, ते एकक—" आणि पोरं ओरडली, "सर, तुम्ही नाय! आमचं हाय ते!" टिळेकर सर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद फक्त त्यांच्या बदलीच्या अफवेच्या दिवशी बघितला होता. 'माना वर: ६१.' मग त्यांनी पेनाने खोडून बासष्ट केलं. स्वतःची धरली.

माझं संपलं होतं. मी मनातल्या मनात कपाटांना नावं द्यायला सुरुवात केली.

"मॅडम," टिळेकर सर तास संपल्यावर वर्गासमोरच म्हणाले, "ही पद्धत कुठली? जर्मन आहे का?"

"नाही सर," मेघा म्हणाली. "कोळंबे सरांची आहे."

मी मागे वळून बघितलं. दुसरे कुणी कोळंबे आले आहेत का ते बघायला.

"आम्ही सेकंड इयरला होतो ना, तेव्हा सर प्रत्येक तासाला चुका पेरायचे. कधी एक, कधी तीन-तीन. आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचे नाहीत! माझी पद्धत त्यामानाने सोपी आहे, मी एकच चूक करते आणि पकडली की कबूल करते. सर तर कबूलसुद्धा करायचे नाहीत." तिने बॅगेतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली. "मी सगळ्या टिपून ठेवल्यात. एक्केचाळीस तास, त्रेसष्ट चुका. एकदा तर सरांनी तीच चूक सलग तीन दिवस केली, आमचा संयम बघायला."

तिने वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'कोळंबे सरांना पकडणे'. मी पानं उलटली. तारीख, चूक, बरोबर उत्तर, सगळं लाल-निळ्यात. त्रेसष्टमधल्या साधारण वीस चुका मला पुढच्या वर्षांत आपोआप कळल्या होत्या. तीस मला त्या क्षणी, वर्गात उभ्या-उभ्या कळल्या. त्यातली एक मी गेल्याच मंगळवारी पुन्हा शिकवली होती.

एकसष्ट मुलं माझ्याकडे बघत होती. माना वर. अशा नजरेने माझ्याकडे आजवर फक्त आमच्या गल्लीतला कुत्रा बघत आलाय, आणि तोही बिस्किट असेल तर. माझा चेहरा जन्मापासून असा आहे की आत काही झालं तरी त्याला पत्ता लागत नाही. त्या दिवशी त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

"बघा!" टिळेकर सर म्हणाले. "आत्तासुद्धा काही दाखवत नाहीत!"

निर्णय तिथल्या तिथे झाला. ज्याची पद्धत त्याचा वर्ग. शिष्येने पद्धत नीट मांडून दाखवली, म्हणजे तिला मांडणी जमते, म्हणजे ती फायलींसाठी योग्य. शिबिरात असं तर्कशास्त्र शिकवत असतील. मेघाचा चेहरा एक क्षण पडला. मग ती म्हणाली, "बरोबर आहे सर. त्यांनाच मिळायला पाहिजे." आणि तिने हे मनापासून म्हटलं, हेच फार वाईट झालं.

दिवाळीनंतर सेमिनार हॉलमध्ये माझ्यापुढे एकशे एकोणीस मुलं बसली. बी डिव्हिजनवाले पुढे सरसावून, ए डिव्हिजनवाले त्यांच्याकडे बघून बिचकून सावध. मी घाबरून आधी तीन पुस्तकं वाचली होती. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासत होतो. एका ठिकाणी पुढचं आठवेना म्हणून थांबलो, तर अख्खा हॉल श्वास रोखून पुढे झुकला. पन्नास मिनिटं एकही मान खाली नाही. रियासुद्धा लिहायचं सोडून फळ्याकडे बघत होती. कॉलेजच्या इतिहासात एवढं लक्षपूर्वक कुणी कुणाला ऐकलं नसेल, आणि मी एकही चूक केली नाही.

तास संपल्यावर गजा जवळ आला. हरलेल्या पैलवानासारखा त्याने माझा हात हातात घेतला. "मानलं सर. नाय सापडली. लय खोल टाकलीत."

रियाच्या वहीत मी डोकावलो. शेवटची ओळ होती, 'आजची चूक उद्या शोधणे.'

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. वर्ग, माना, गजाचा हात. घरी गेलो तर आई म्हणाली, "गजा सांगत व्हता, मेघाबाई तुज्याकडून शिकल्या म्हनं. मंग इतकी वर्षं का रं लपवलंस?" आणि ताटात जास्तीची भाकरी वाढली. ती भाकरी मला गिळेना. भाकरी माझ्या ताटात होती, पण वाढली होती दुसऱ्याच कुणाला तरी. तो कोळंबे, जो मुद्दाम चुकायचा, जो चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही, ज्याने तीच चूक तीन दिवस करून मेघाला वेड लावलं, तो हुशार, खोडकर, थोर माणूस. मेघाबद्दलच्या मत्सरात मला निदान झोप लागायची. याच्या मत्सराने जेवण जाईना. हा माझं नाव लावून फिरत होता, माझ्या वर्गात शिकवत होता, माझ्या आईची भाकरी खात होता, आणि मी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतो.

त्याला संपवायचं मी ठरवलं. लोकांना हे प्रामाणिकपणासारखं वाटेल, वाटो. तो नव्हता.

सोमवारी टिळेकर सरांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, त्या चुका खऱ्या होत्या."

त्यांनी डोळे बारीक केले. "हं. आणि आता मी ओळखायचं, हे वाक्य चूक की बरोबर." ते हसले. "कोळंबे, वर्गात ठीक आहे. माझ्यावर प्रयोग नको."

"सर, मला खरंच येत नव्हतं."

"वा! काय चेहरा ठेवलाय!"

"सर—"

"हे बघा," ते गंभीर झाले, "तोंडी मी काही धरत नाही. पुराव्याशिवाय शिक्षण नाही, हे शिबिरातलं पहिलं वाक्य. त्रेसष्ट चुका आहेत ना? प्रत्येकीसमोर 'ही माझी खरी चूक' आणि सही. आणा, मग बघू."

म्हणून मी मूल्यांकन कक्षात गेलो. मेघा खिडकीपाशी फोटोंना ओळी लिहीत बसली होती. समोरच्या फोटोत मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. खाली तिच्या सुबक अक्षरात होतं: 'जाणीवपूर्वक चूक करताना प्रा. साईराज कोळंबे.'

"मेघा, यातलं 'जाणीवपूर्वक' खोड."

"का सर? बसत नाही का ओळीत?"

"खरं नाही म्हणून." आणि मी सगळं सांगितलं.

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "ती सलग तीन दिवसांची?"

"मला तेच बरोबर वाटत होतं."

"आणि तुम्ही मध्येच थांबून आमच्याकडे रोखून बघायचात, ते?"

"पुढचं आठवत नसायचं."

"सर, आम्ही चौघी जेवणाच्या सुट्टीत भांडायचो, तुम्ही आज काय दडवलंय म्हणून. एकदा तर मी आणि शुभदा दोन दिवस बोलत नव्हतो. मी एका टर्ममध्ये ते पुस्तक तीन वेळा वाचलं. फक्त तुम्हाला पकडायला!"

"मग शिकलीस की."

"पण तुम्ही शिकवलंच नाही मग!"

"तेच सांगतोय."

"एम.टेक.च्या मुलाखतीत मी तुमचं नाव घेतलं होतं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "त्यांनी विचारलं आवडते शिक्षक कोण, मी दहा मिनिटं तुमच्यावर बोलले. हे मला सांगायची काय गरज होती तुम्हाला? ठेवायचं ना आपल्यापाशी! वर्ग मिळाला होता, गप्प बसायचं!"

"मला त्याचा राग येतो."

"कुणाचा?"

"तुझ्या कोळंबे सरांचा."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फळ्यावर पुन्हा काहीतरी लिहिलंय आणि यात काय दडलंय ते तिला शोधायचंय. या वेळी काही सापडलं नाही बहुतेक. तिने बॅगेतून वही काढली, टेबलावर आपटली, आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या पुढे धरलं.

"बसा. करा सह्या."

मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली. शेवटच्या चुका ताज्या, कबूल करायला सोप्या. त्रेसष्ट: ही माझी खरी चूक, सही. बासष्ट: ही माझी खरी चूक, सही. चाळिशीत हात दुखायला लागला. तिसाच्या आसपास मेघाने चहा मागवला. तालुक्याबाहेरून यायचा म्हणून गार आला. ती शेजारी बसून प्रत्येक सही नीट आहे ना ते बघत होती, आणि मध्येच एखाद्या नोंदीवर "हीसुद्धा?" असं विचारत होती. मी मान हलवत होतो. प्रत्येक सहीबरोबर तो थोर माणूस थोडा थोडा मरत होता, आणि मला, खोटं कशाला सांगू, मजा यायला लागली होती.

चौथ्या नोंदीवर पेन थांबलं. टर्मचा पहिलाच आठवडा होता. तिने लिहिलं होतं: 'सर म्हणाले, मोरबे धरण असो की हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी, खोली सारखी असेल तर तळाशी पाण्याचा दाब सारखाच. चूक! धरणात पाणी किती जास्त असतं!!' दोन उद्गारचिन्हं, लाल.

"यावर सही नाही करणार," मी म्हणालो.

"सर, एकोणसाठ झाल्या. आता कशाला लाजताय?"

"लाजत नाही. हे बरोबर आहे."

"दाखवा," ती म्हणाली आणि वही ओढून घेतली. वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे कान आधी लाल झाले, मग बाकीची ती.

"धरणात पाणी जास्त असतं," ती हळू म्हणाली, "पण दाब खोलीवरच."

"फक्त खोलीवर," मी म्हणालो. शक्य तितकं सावकाश म्हणालो. ते वाक्य संपावं असं मला वाटत नव्हतं.

"तेव्हा मी नवीन होते, सर."

"मी पण."

उरलेल्या तिन्हींवर मी सह्या केल्या. बासष्ट. टिळेकर सरांनी त्या दोनदा मोजल्या, एक सही फिकट आली होती ती पुन्हा करायला लावली, आणि खेदाने म्हणाले की पुरावा असेल तर त्यांचा इलाज नाही. वर्ग मेघाला. कपाटं मला. शेळके सरांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आणि तिचा फोटो काढला.

मला फारसं काही वाटलं नाही. माझ्याकडे चार नंबर होता. एक्केचाळीस तासांतलं एक वाक्य, मेघा रोकडेला सहा वर्षं चुकवणारं, आणि मी ते स्वतः बरोबर म्हटलं होतं. दिवसभर फोटोंखाली 'तल्लीन' लिहिताना मी ते मनात घोळवत होतो.

दुसऱ्या दिवशी तासाच्या आधी ती कक्षाच्या दारात आली. हातात हजेरीपट, खांद्यावर बॅग.

"सर, ती चार नंबरची चूक, धरणात पाणी जास्त म्हणून दाब जास्त, मी आज वर्गात टाकू का? धरणाचाच धडा आहे. गजालासुद्धा पटकन पकडता येणार नाही."

"ती माझी आहे," मी म्हणालो.

"चूक तर माझी आहे ना, सर."

मी पुढचा फोटो ओढून त्याखाली 'तल्लीन' लिहिलं. सहा वर्षांत माझं एक बरोबर वाक्य कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि तेही ती चूक म्हणून वर्गात घेऊन गेली.